शिवेच्या आतला दवाखाना

८ जुलै, सोमवार

बोलायचं नाही, म्हणून लिहिते आहे. दुसरं कारण नाही.

नागपूरला घशातली गाठ काढली. साधी गाठ, रिपोर्टही साधा. पण डॉक्टरनं पंधरा दिवस तोंड बंद ठेवायला सांगितलं आहे. कुजबुजायचंसुद्धा नाही! मी कागदावर लिहून दाखवलं — मी आरोग्य सहायिका आहे, आमचं निम्मं औषध बोलण्यातच असतं. तो हसला. म्हणाला, इतकी वर्षं ओरडलात, आता गावालाही जरा आराम द्या.

एकतीस तारखेला मी निवृत्त होते. रजा शिल्लक आहे, घेणार नाही. इथल्या उपकेंद्राची सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर गेली ती परतलीच नाही, तिच्या जागी गेल्या हिवाळ्यापासून मीच क्वार्टरमध्ये राहते. मी आत्ता रजेवर गेले तर दाराला कुलूप. पावसाळ्यात उपकेंद्राला कुलूप — छे!

दिवसभराचं न बोललेलं रात्री डोक्यात भणभणतं. ते इथे टाकते आणि झोपते.

९ जुलै, मंगळवार

अंगणवाडीतून पाटी मागून आणली आणि दोरी ओवून गळ्यात अडकवली. वच्छला — इथली आशा सेविका, चाळिशीची, गोंडी आणि झाडीबोली दोन्ही फडाफडा बोलणारी — तोंडाला पदर लावून हसली. ठरलं असं की मी लिहायचं आणि तिनं वाचून दाखवायचं.

पहिल्याच घरी कळलं ती कशी वाचते ते. मी लिहिलं : पिण्याचं पाणी उघडं कोणी ठेवलं? अक्कल कुठे गेली? वच्छलानं वाचलं, "बाई म्हणते, पाणी मस्त गार आहे. वरून झाकणी टाकली तं आणखी गार राहीन."

मी डोळे वटारले. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. घरची बाई मात्र उठून झाकणी घेऊन आली.

पुढच्या घरी मच्छरदाणीखाली कोंबडीची पिल्लं. मी काय लिहिलं ते इथे लिहीत नाही. वच्छलानं काय वाचलं कोण जाणे, गोंडीत वाचलं. ती आणि घरची बाई हसल्या. पिल्लं मात्र टोपलीखाली गेली.

११ जुलै, गुरुवार

मुलाचा, पियुषचा, ब्रह्मपुरीहून फोन. तो बोलतो, मी फोनवर नखानं टकटक करते. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. एकतीसला तालुक्याला निरोप समारंभ. हॉल मिळाला, मोठे साहेब येणार, सूनबाईनं माझ्यासाठी साडी घेतली. तो स्वतः गाडी घेऊन दुपारी मला न्यायला येतो. सामान त्याच गाडीत. राहशील ना तयार? टक. भाषण करशील? टकटक. "आई, तू आणि भाषणाला नाही?" तो इतका हसला की मलाही हसू आलं. हसायचं की नाही ते डॉक्टरनं सांगितलेलं नाही.

१३ जुलै, शनिवार

सोमारीकडे गृहभेट. ही नोंद नीट लिहायला हवी.

सोमारी तेवीस वर्षांची. नवरा बिरजू. सासरा मुखरू — गावाचा भुमक, म्हणजे देवाधर्माचं सगळं ज्याच्या हातून होतं तो. मागच्या पावसाळ्यात सोमारीचं पहिलं बाळंतपण घरामागच्या खोपडीत, बाळंतिणीच्या झोपडीत झालं. मूल पूर्ण दिवसांचं, चांगलं भरलेलं. पण रडलं नाही. कोणी तोंडातली घाण काढली नाही, पाठ चोळली नाही, श्वास दिला नाही. गेलं. माझ्या उपकेंद्रात त्या कामाचा फुगा आणि मास्क आहे, टेबलावर ऊब देणारा दिवा आहे. चालत दहा मिनिटांवर!

आता पुन्हा दिवस भरत आलेत. रक्त बरं, बीपी ठीक, बाळ सरळ. मोठ्या डॉक्टरांनी शिबिरात तपासून सांगितलं की उपकेंद्रात बाळंतपण करायला हरकत नाही. तारीख महिनाअखेरीची.

शिकताना आमच्या ट्यूटर सांगत — दवाखान्यात माणूस आपल्या घरी येतो, गावात आपण त्याच्या घरी जातो. पाहुण्यानं पाहुण्यासारखं वागावं. तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. घरच्यांना विचारून बॅग ठेवायची, खाली वर्तमानपत्र, सगळ्यांसमोर साबणानं हात धुवायचे, मग अंगाला हात लावायचा. आज तसंच केलं. पोट पाहिलं, ठोके ऐकले, सोमारीलाही ऐकवले. मग पाटीवर लिहिलं : सत्तावीस तारखेपासून उपकेंद्रात येऊन राहायचं.

सगळ्यांनी माना डोलावल्या. हो बाई. हो बाई.

एरवी मी आणखी दहा मिनिटं बजावलं असतं आणि निघाले असते. आज बजावता येईना. चहा टाकलेला, म्हणून बसून राहिले. कोरा चहा आला, मी तो फुंकत राहिले. कोणीच बोलेना. शेवटी ती शांतता ठमाबाईला — सोमारीच्या सासूला — सहन झाली नसावी. ती चुलीकडे पाहत म्हणाली, "हो म्हणलं बाईले. पण येल कशी? तवा गाव बांधलं राह्यते."

सोमारी नखानं सारवण खरवडत होती.

परत येताना वच्छलाला रस्त्यात थांबवलं आणि लिहिलं : गाव बांधलं म्हणजे काय?

१४ जुलै, रविवार

असं आहे. आषाढाच्या शेवटी भुमक गावाच्या चारी दिशांना भेलव्याच्या, म्हणजे बिब्ब्याच्या, खुंट्या ठोकतो, वाटेवर धागा बांधतो. कोंबडं, अंडं, जे काय असेल ते. त्या दिवसापासून अमावास्या उलटेपर्यंत आतला माणूस बाहेर जात नाही, बाहेरचा आत येत नाही. नांगर नाही, कुऱ्हाड नाही. या गावची रीत ही अशी. इतर गावांची वेगळी असेल.

आणि माझं उपकेंद्र शिवेच्या बाहेर! रस्त्याला लागून जागा मिळाली, ठेकेदारानं बांधलं. शीव कुठे आहे हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. मागच्या वर्षी सोमारीचं पोर त्याच दिवसांत आलं. दाई आजारी पडून माहेरी होती, तीही शिवेबाहेर. आधीची सिस्टर इकडे, पोर तिकडे.

आमच्या घरी छप्पन सालच्या दीक्षेपासून देवपूजा नाही. खुंटी आणि धाग्यापायी मूल जातं हे ऐकून माझं डोकं फिरलं. पाटी भरून लिहिलं : सरपंच, तहसीलदार, पोलीस. कोणालाही आणीन.

वच्छलानं शांतपणे वाचलं. मनातल्या मनात. मग म्हणाली की आणा बाई. सोमारी येईल. गाडीत घालून आणाल तिला. पण त्यानंतर या दारात कोणी पाय ठेवणार नाही, ना सुई घ्यायला, ना वजन करायला. तुम्ही एकतीसला जाल. मी कुठी जाऊ?

पाटी पुसली.

१६ जुलै, मंगळवार

मुखरूच्या अंगणात जाऊन बसले. हा माणूस माझ्याशी कधी नीट बोलत नसे. मी लांबून येताना दिसले की बैलांकडे जायचा. आज गेला नाही. मोहाच्या पाटावर बसवलं.

"बाई गरीब झाली," तो वच्छलाला म्हणाला. "पयले कशी वाघावानी यायची. काय दवा देल्ली बाईले? मले बी सांग, घरी कामात येल."

ठमाबाईनं आतून काहीतरी फेकून मारलं. बहुतेक कांदा.

मी पाटीवर एकच गोष्ट लिहिली : शीव कुठून जाते, मला दाखवाल?

त्याला वाचता येत नाही. वच्छलानं सांगितल्यावर त्यानं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, परवा.

१८ जुलै, गुरुवार

शीव पाहिली. छत्री, गमबूट, चिखल. नाल्यापासून सुरू, मग बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवरून, मग मोठ्या मोहाच्या झाडाशी वळते. मोहापासून माझ्या ओट्यापर्यंत हाक ऐकू जाईल इतकंच अंतर.

मुखरू वाटभर बोलत होता. मला अडवता येईना, म्हणून सगळं ऐकलं. कुठली खुंटी कुठल्या देवाची, कुठे पटकी येऊन थांबली होती, कुठल्या साली देवी आल्या आणि अर्धं गाव गेलं, तेव्हा त्याच्या आज्यानं शीव कशी बांधली. पाहुण्याला पाणीसुद्धा धाग्यावरून ओतायचे.

ऐकता ऐकता मला आमच्या पुस्तकातला साथीच्या रोगांचा धडा आठवला. आजारी गावातून माणसं येऊ द्यायची नाहीत, चांगल्या गावातून जाऊ द्यायची नाहीत. आम्ही त्यावर परीक्षा दिली आहे. मुखरूचा आजा नापास झाला नसता.

मोहाखाली तो थांबला. उपकेंद्राकडे हात केला.

"गाव बांधतो म्हणजे रोग बाहेर ठेवतो. बरोबर? मंग हे पाह्य. रोग बाहेर, अन् दवाखाना बी बाहेर. दोघं शेजारी शेजारी."

आपल्याच बोलण्यावर तो हसला. मी पाटीवर लिहिलं : खुंटी माझ्या ओट्यापलीकडे ठोका.

वच्छलानं वाचून दाखवलं, ते ऐकून तो नाही म्हणाला. शीव वाढवणं त्याच्या एकट्याच्या हातात नाही, गाव बसून ठरवतं. आणि तो तिथे एक शब्द बोलणार नाही. सून त्याची, नातू त्याचा. उद्या लोक म्हणतील, भुमकानं घरच्यासाठी शीव ओढली. "माह्या तोंडाले बी गाठ झाली समज."

२१ जुलै, रविवार

गाव बसलं. समाजमंदिराच्या पत्र्यावर पाऊस. मला बोलायला डॉक्टरची बंदी, मुखरूला लाजेची. दोघं खांबाला टेकून समोरासमोर मुके. सगळा भार वच्छलावर. ती पदर खोचून उभी राहिली. आणि बोलली. मागच्या वर्षीचं पोर बोलली, खोपडीतला अंधार बोलली. सोमारीचं नाव घेतलं नाही. बायका मागच्या भिंतीला बसल्या होत्या, त्यांच्यात कोणीतरी नाक ओढलं.

सोमाजीनं अडवलं. जुना माणूस, शब्दाला वजन आहे त्याच्या. आज दवाखाना आत घ्या, उद्या रस्ता आत घ्या, परवा ठाणं आत घ्या, मग बांधायचं तरी काय? आणि दुसरं — शिवेच्या आतलं घर ओसाड चालत नाही. तिथे चूल पेटली पाहिजे, माणूस निजला पाहिजे, आणि गाव सुटेपर्यंत त्या माणसानं जागा सोडायची नाही. रिकामा पडलेला दवाखाना आत घेतला तर रोगाला दारच उघडं. "बाई तं एकतीसले चालली. मोटार येते तिले न्याले, साऱ्याइले माहीत आहे."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

एकतीसचा हॉल. साहेब. साडी. पियुषची गाडी. खोटं कशाला लिहू, मला तो समारंभ हवा होता. जंगलातल्या उपकेंद्रांत चपला झिजवल्या, एकदा खुर्चीवर बसून चार शब्द ऐकायचे होते.

पाटीवर लिहिलं : राहते.

वच्छलानं वाचलं. पहिल्यांदाच, लिहिलं होतं तसंच.

सोमाजीनं तंबाखू मळली, थुंकून आला, बसला. मग म्हणाला, "होऊ द्या मंग."

२२ जुलै, सोमवार

पियुषला मेसेज केला. त्याचा फोन. म्हणाला, साहेबांना काय सांगू? मी टकटक केली नाही, त्याला काय समजणार होतं त्यातून! शेवटी तोच म्हणाला, "रागावून राहत नाहीस ना कोणावर?" टकटक. "खूश आहेस?" टक.

२३ जुलै, मंगळवार

बंदी उठली. थोडं आणि हळू बोलायचं. आरशासमोर म्हणून पाहिलं — माधवी रामटेके. आवाज दुसऱ्याच कोणाचा वाटला.

लगेच मुखरूकडे गेले. एक गोष्ट ठरवायची राहिली होती. बाळंतपण अडलं, रक्त जास्त गेलं, तर अँब्युलन्स हवी, आणि तीसुद्धा खुंटी ओलांडून आत. त्यात माझी तडजोड नाही. मग रीत असो की काही असो.

मुखरू म्हणाला, "आता नको बोलू बाई. मुकी होती तवा किती चांगलं चाललं होतं." पण ऐकलं. खुंटीपाशी उभा राहून विचार करावा तसा बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मग सांगितलं की पाटीवरचं त्याला कळत नाही, पण मी तोंडानं मागितलं तर खुंटी तो स्वतःच्या हातानं उपटील. देवाचं काय ते तो पाहून घेईल.

त्यावर आम्ही दोघांनी चहा घेतला.

२५ जुलै, गुरुवार

गॅस चालत नाही. चूल मातीची हवी! ठमाबाई टोपलीभर माती घेऊन आली आणि क्वार्टरच्या मागच्या पडवीत चूल घालून दिली. धुरानं फुप्फुसं कशी खराब होतात यावर मी किती सभा घेतल्या असतील. आता मीच डोळे चोळत भात रांधते. ठमाबाई दारात बसून सूचना करते — फुंकणी आडवी धर, लाकूड मागं ओढ. माझ्यासारखीच आहे. तिच्या सुनेचं कसं होत असेल!

२७ जुलै, शनिवार

गाव बांधलं.

मुखरू आंघोळ करून, ओलेत्यानं आला. मागे पुरुष. मोहापाशी थांबले, आणि मग तिथून पुढे आले. माझ्या ओट्यापलीकडे, रस्त्याच्या कडेला, त्यानं खुंटी ठोकली. धागा बांधला. मी हात जोडले नाहीत, तोही मला जोड म्हणाला नाही. त्यानं मला फक्त दोन पावलं मागे व्हायला सांगितलं, आत.

दुपारी सोमारी चालत आली. पिशवीत दोन लुगडी आणि कंगवा. मागे ठमाबाई, हातात तांदळाची पुरचुंडी. मोहाचं झाड ओलांडताना सोमारी थबकली. मग खाली पाहत आली. ओट्यावर बसल्यावर म्हणाली, "बाई, इथून आमचं घर दिसते."

हो, दिसतं.

२९ जुलै, सोमवार

पाऊस. कोणी येत नाही, कोणी जात नाही. कसलाही अहवाल नाही, बैठक नाही, जीप नाही. फोनला नेटवर्क आलं तर आलं.

पण गाव येतं! आतले सगळे. दवाखाना आता आपल्यात आला म्हणून पाहायला. ज्या म्हाताऱ्यांनी वर्षभरात उंबरा ओलांडला नव्हता त्या येऊन वजनकाट्यावर चढून गेल्या. सोमाजी आला, बीपी मोजून घेतलं, जास्त निघालं. गोळी दिली, मीठ कमी करायला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणून म्हणत होतो, दवाखाना आत घेऊ नका." वच्छला हसून ओट्यावरून पडायची बाकी होती.

सोमारी दिवसभर फिरते, झाडते. मी तिला डाव्या कुशीवर झोपवते, ती पुन्हा उठते. सकाळी तिनं तो फुगा आणि मास्क दाखवायला सांगितलं. दाखवला. तिनं तो हातात घेऊन दाबला, गालापाशी वारा घेतला. बराच वेळ दाबत राहिली. मी काही बोलले नाही. बोलायची परवानगी होती तरी.

३१ जुलै, बुधवार

चार्ज दिला, धाग्यावरून.

नवीन सिस्टर दिव्यानी आली. तरुण, नीट वेणी, डोळ्यांत भीती. अँब्युलन्सनं आली आणि मीच तिला अलीकडे येऊ दिलं नाही. ती रस्त्यावर छत्री धरून, मी ओट्याच्या पायरीवर. किल्ल्या, लसींचा फ्रीज, वजनकाटे, औषधं — सगळं वाचून दाखवलं, तिनं तिकडून सही केली. पियुषही आला होता. साडी, हार आणि पेढ्यांचा डबा त्यानं धाग्यावरून दिला. हार गळ्यात घालायला वाकला तर मुखरू ओरडला, हात आत नको. मग मीच घालून घेतला. गावातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांचं भाषण नव्हतं, तेवढंच.

पियुष गेला. सुटलं की न्यायला येतो म्हणाला.

पाचनंतर मी सरकारची कोणी नाही. आणि साडेपाचला सोमारीच्या कळा सुरू झाल्या! जिच्याकडे चार्ज ती धाग्याच्या बाहेर, आणि आत मी.

मोठ्या डॉक्टरांना फोन लागला. ते म्हणाले, निवृत्तीचं मी बघतो, तुम्ही हात धुवा. अजून रस्त्यावर अँब्युलन्सपाशीच असलेल्या दिव्यानीला सांगितलं, गाडी हलवू नकोस, मी हाक मारली तर पळत आत ये. मुखरू खुंटीशी जाऊन बसला. डोक्यावर पोतं. उपटायची वेळ आली तर दुसऱ्या कोणाला हात लावावा लागू नये म्हणून.

हात धुतले. बाकी नंतर.

१ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी मुलगी झाली. लगेच रडली. गाडीपाशी उभ्या दिव्यानीला ऐकू गेलं, तिनं हात वर केला. हाक मारावी लागली नाही. सोमारी ठीक.

नाळ गळेपर्यंत घरच्या पुरुषानं बाळाला शिवायचं नसतं, भुमकानं तर नाहीच. मी ओट्यावर नुसतं दाखवायला आणलं होतं. मुखरू खुंटीजवळून उठून आला, ओलं पोतं टाकलं आणि दोन्ही हात पुढे केले.

नोंद :
सोपवलं — मुलगी एक, वजन दोन किलो सातशे, अंग गुलाबी.
सोपवणार — मा. रामटेके, निवृत्त.
घेणार — मुखरू भुमक. अंगठा राहिला. हात रिकामे नाहीत.